आपल्या जिल्ह्यातील दारे

गेल्या काही वर्षांत आपल्या गल्लीत जुनी घरे पडून नवी उभी राहात आहेत. प्रत्येक नव्या घराच्या वेळी हळदीकुंकवाला एक विषय हटकून निघतो, तो पुढच्या दाराचा. साग घ्यावा की नुसता सागाचा पत्रा डकविलेले दार घ्यावे? एक फळी असावी की दोन? का सरळ लोखंडी दारच बसवून मोकळे व्हावे? पुरुषमंडळी किंमत आणि कुलूप यांचा विचार करतात. आपण नक्षी आणि रंग यांचा. आमच्याही घरी यंदा हाच प्रश्न निघाला. तेव्हा माझ्या मनात आले की, दार निवडण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील दारांनी आजवर काय काय पाहिले, हे एकदा आठवून पाहावे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहासाची पंडिता नव्हे. परंतु वाचलेले, ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले नीट जुळवून सांगण्यास हरकत नसावी.

आपला जिल्हा अवर्षणाचा. चांगला साग बाहेरून यावयाचा आणि तो पैसेवाल्यालाच परवडावयाचा. म्हणून गावोगावच्या साध्या घरांना कडुलिंबाची चौकट आणि मिळेल त्या लाकडाच्या फळ्या असत. बाभळीचे लाकूड गाडीला आणि औताला जाई, तेच कधी दारालाही येई. ज्याच्याकडे तेही नसे, त्याच्या खोपटाला कुडाची किंवा बांबूची ताटी. वाडेवाल्यांचे मात्र सागवानी दार. त्याला जाड फळ्या, मागे आडव्या पट्ट्या, पुढे मोठ्या डोक्यांचे लोखंडी खिळे, वर गणेशपट्टी, बाजूला पणतीची देवळी. जुन्या कितीतरी दारांना बिजागरी नसेच. फळीच्याच वरच्या व खालच्या टोकाला खुंटी काढलेली असे; ती चौकटीतल्या खळग्यात बसे आणि दार तिच्यावर फिरे. पहाटे असे दार उघडले की, त्याच्या करकरीने आळीला कळे, अमक्याकडे जाग आली. आतून अडसर, म्हणजे भिंतीत सरकणारे जाड लाकूड. आणि मोठ्या दाराच्या पोटात लहानशी दिंडी. मोठे दार लग्नाला, पालखीला किंवा धान्याची गाडी आत घ्यावयाला उघडावयाचे. रोजचे जाणे-येणे दिंडीतून, वाकून.

दाराशी जोडलेले आपले सोपस्कार तर सर्वांना ठाऊकच आहेत. नवी सून माप ओलांडून आत येते ती दारातूनच. सणाला तोरण दाराला, हळदीकुंकू उंबरठ्याला, लक्ष्मीची पावले दारापासून आत. तिन्हीसांजेला दार लावू नये, लक्ष्मी परत जाते, असे सासूबाई सांगत. आणि त्याच सासूबाई असेही सांगत की, बाईने उंबरठ्यावर उभे राहू नये. लक्ष्मीसाठी दार उघडे, पण घरच्या लक्ष्मीने दारात थांबावयाचे नाही, हे कोडे मला लहानपणापासून सुटले नव्हते.

ताटीचा उल्लेख आला म्हणून सांगते. आपल्या नेवाशाला ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे आपण मानतो, तो पैस खांब आजही तेथे आहे. त्याच ज्ञानेश्वरांची एक गोष्ट वारकरी घरांत सांगतात. लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ते एकदा ताटी लावून आत बसले. कोणाचे काही चालेना. तेव्हा धाकटी बहीण मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि तिने अभंगांतून त्यांना विनविले. तेच ताटीचे अभंग. ही गोष्ट नेवाशाची आहे असे मी म्हणत नाही. पण नेवाशाशी जोडलेल्या त्या भावंडांची आहे, म्हणून आपलीच. आपल्या मराठी मुलखातले सर्वांत प्रसिद्ध दार हे असे बांबूकाडीचे, आणि ते उघडविले एका लहान मुलीने, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता भक्कम दारांकडे वळू. आपले नगर शहर अहमद निजामशहाने १४९० साली वसविले. त्याचा किल्ला म्हणजे दगडी तट, भोवती खंदक आणि भारी दरवाजा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने या किल्ल्याला वेढा दिला. त्या वेळी किल्ला लढविला तो चांदबिबीने. ती नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या आदिलशहाची विधवा. मोगलांनी दरवाजाशी झटापट करीत बसण्याऐवजी तटाखाली सुरुंग पेरले आणि तटाला मोठे खिंडार पाडले. चांदबिबी हत्यार घेऊन त्या खिंडारात स्वतः उभी राहिली, रात्रीतून खिंडार बुजवून घेतले, आणि अखेर १५९६ मध्ये मोगलांना तह करावा लागला. नगरला वऱ्हाड द्यावे लागले, पण किल्ला राहिला. पुढे १६०० साली मोगल पुन्हा आले, तेव्हा तिचा घात परक्यांनी केला नाही. किल्ल्यातल्या तिच्याच माणसांनी तिला मारले. आणि मग किल्लाही गेला. दरवाजा तोच होता, तटही तोच होता. आतली माणसे एक होती तोवर खिंडार पडूनही किल्ला टिकला. ती फुटली तेव्हा दरवाजा लावलेला असूनही उपयोग झाला नाही.

शहरालाही तट होता आणि वेशी होत्या. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्ली आला तेव्हा त्याच्या शिपायांनी वेशी उघडण्याची वाट पाहिली नाही. तटाला शिड्या लावून ते आत उतरले, आणि चार दिवसांनी किल्लाही त्यांच्या हाती आला. दिल्ली दरवाजा, माळीवाडा वेस ही नावे आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो; पण ज्यासाठी त्या वेशी बांधल्या ते काम त्यांनी त्या दिवशी केले नाही.

याच किल्ल्याच्या दाराची आणखी एक आठवण आहे. १९४२ च्या 'चले जाव' ठरावानंतर ऑगस्ट महिन्यात पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी पुढाऱ्यांना येथे आणून ठेवले. नेहरू १९४५ च्या मार्चपर्यंत येथे होते आणि 'भारताचा शोध' हे पुस्तक त्यांनी येथेच लिहिले. दरवाजा तोच, परंतु कडी आता बाहेरून होती. कडी आतून असली तर घर, बाहेरून असली तर तुरुंग. नवीन दार घेताना कडी कोणाच्या हाती राहणार, हा विचार म्हणून महत्त्वाचा.

इतका वेळ दारांविषयी लिहिले. आता बिनदारांच्या गावाविषयी. शनि-शिंगणापूर आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेले आहे. नगरपासून सुमारे ३५ किलोमीटर, नेवासे तालुक्यात. संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगावला जाऊन आत वळावे लागते. तेथे देवाला देऊळ नाही. चौथऱ्यावर काळी शिळा, माणसाएवढी उंच, उघड्या आभाळाखाली. पुरात शिळा वाहून आली, बोरीच्या झाडाला अडकली, गुराख्याने काठी टोचली तर रक्त आले, मग दृष्टांत झाला आणि सख्ख्या मामा-भाच्याने ती गाडीवर घालून आणली, अशी कथा गावात सांगतात. देवाने छप्पर नाकारले आणि गावाचे रक्षण मी करीन असे वचन दिले, म्हणून गावाने दारे काढून टाकली, ही त्या कथेची पुढची बाजू. श्रद्धेची गोष्ट आहे. तिची तारीख कोणी विचारू नये.

परंतु डोळ्यांना दिसणारी गोष्ट अशी की, तेथील जुन्या घरांना चौकट आहे आणि दार नाही. चौकट काढली नाही, हे मला विशेष वाटते. उंबरठा आहे, वरची पट्टी आहे, तोरण बांधावयाला जागा आहे. आडोशाला पडदा असतो. रात्री कुत्रे-मांजर आत येऊ नये म्हणून एखादी सुटी फळी चौकटीला टेकवून ठेवतात; तिला ना बिजागरी, ना कडी. म्हणजे घर कोठे सुरू होते हे चौकट सांगते आणि बाकीचे काम गाव करते.

हे कसे चालले असेल? शनीचा धाक हे एक उत्तर. चोरी करणाराला साडेसाती लागते, तो गावाबाहेर जाऊ शकत नाही, असे मानतात. पण मला दुसरेही उत्तर दिसते. लहान गाव, सगळी एकमेकांना ओळखणारी, दिवसभर ओट्यावर बसून धान्य निवडणाऱ्या बायका, रस्त्याने जाणारा प्रत्येकजण 'कोणाकडे जायचे?' या प्रश्नाला उत्तर देऊनच पुढे जाणार. अशा गावात दाराचे काम शेजारणीचे डोळे करतात. उघड्या चौकटीचा फायदा असाही की, घरात काही बरेवाईट घडले तर ते बाहेर लगेच कळते.

काळ बदलला तसे तेही गाव बदलले. नव्वदच्या दशकापासून गर्दी वाढली. शनिवारी आणि शनि-अमावस्येला तर मोजदाद नाही. २०१० साली बाहेरगावच्या एका भाविकाने गाडीतून ३५ हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार दिली, तेव्हा ती मोठी बातमी झाली. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली. बिनकुलपाची बँक म्हणून तिची देशभर प्रसिद्धी झाली. गावाचा मान राखावयाचा म्हणून दर्शनी काचेचे दार ठेवले, आणि विजेवर चालणारे, सहसा नजरेस न येणारे कुलूपही योजले. सप्टेंबर २०१५ मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले, त्यालाही पुढे दार नव्हते. काही घरांनी मात्र आम्हांला दार बसवू द्या, अशी मागणी ग्रामपंचायतीकडे केल्याचे तेव्हा छापून आले होते. मला त्या घरांचा राग येत नाही. गावात रोज हजारो अनोळखी माणसे येऊ लागली की, शेजारणीचे डोळे तरी कोठवर पुरणार? ज्या विश्वासावर दार काढले, तो विश्वास ओळखीवर उभा होता.

आता जी गोष्ट मला खरोखर सांगावयाची आहे तिच्याकडे येते. ज्या गावात कोणत्याही घराला दार नव्हते, त्याच गावात एक दार होते, आणि ते आपल्यासाठी होते. लाकूड नाही, लोखंड नाही, कडी नाही; पण चौथऱ्यावर बाईने चढावयाचे नाही. पुरुष ओलेत्याने वर जाऊन तेल वाहात. बाईने खालून हात जोडावेत. मीही खालूनच जोडले. आजूबाजूला दहा-बारा जणी तशाच उभ्या होत्या आणि कोणीही कोणाला अडविले नव्हते. इतके भक्कम दार मी दुसरे पाहिले नाही. त्याला राखणदारसुद्धा लागत नव्हता.

ते उघडावयाला बरीच वर्षे गेली. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी सत्याग्रह आरंभिला होता. त्यांना वाटेतच अडविण्यात आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने चौथऱ्यावर चढून तेल वाहिले, तर मागाहून चौथरा धुऊन शुद्ध करण्यात आला. ते वाचून अनेक घरांत बायका गप्प झाल्या, मीही झाले. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानच्या अध्यक्षपदी प्रथमच एक बाई आली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला तृप्ती देसाई आणि त्यांच्या भूमाता ब्रिगेडच्या बायका पुण्याहून निघाल्या, त्यांना सुप्याला थांबविले. इकडे विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सांगितले की, जेथे पुरुषाला जाता येते तेथे बाईला अडविता येणार नाही. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. १९५६ सालचा मंदिरप्रवेशाचा कायदा होताच, त्यात अडविणाराला सहा महिन्यांपर्यंत शिक्षाही होती. साठ वर्षे कायदा पुस्तकात होता आणि दार बंद होते.

८ एप्रिल २०१६. गुढीपाडवा. त्या दिवशी देवस्थानने सर्वांना चौथरा खुला केला आणि त्याच दिवशी बायका वर गेल्या. आपल्या घरोघरी गुढ्या उभ्या होत्या, दारांना आंब्याची पाने होती, आणि आपल्याच जिल्ह्यात एक दार उघडत होते. काहीजणींना ते पटले नाही, आजही पटत नसेल. मंडळात यावरून आपल्या दोन बाजू झाल्या होत्या, हे कोणी विसरले नसेल. ज्यांना वर जावयाचे नाही त्यांनी खालून हात जोडावेत. देवाला त्याचे काय? पण न जाणे आणि जाऊ न देणे यांत अंतर आहे. ते अंतर कडी आतून की बाहेरून, एवढेच आहे.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. अहिल्याबाई १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीला जन्मल्या. वैधव्य आल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या माजघरात बसून राहिल्या असत्या तर त्यांचे नाव कोणाला कळले असते? १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालविले, आणि पडद्याआड न बसता रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकली. जिल्ह्याचे नाव आपण रोज पत्त्यात लिहितो. त्या बाईचे दार लोकांसाठी उघडे होते, एवढे ते लिहिताना आठवावे.

आता आमच्या दाराचे काय झाले ते सांगते, कारण ज्यांचे घर व्हावयाचे आहे त्यांना उपयोगी पडेल. गावाकडचा आमचा वाडा पडला तेव्हा त्याचे सागवानी दार चौकटीसह गोठ्यात पडून होते. जुनी दारे घेणारे व्यापारी दोनदा येऊन गेले. हल्ली अशी दारे शहरातल्या हॉटेलांत शोभेला जातात. दीर म्हणाले, विकून टाकू आणि त्या पैशांत लोखंडी दार घेऊ. आमचे हे काही बोलेनात. मी म्हटले, आधी सुतारमामांना दाखवू. त्यांनी रंधा मारून पाहिला आणि सांगितले की, चौकट आणि अर्ध्याहून अधिक फळ्या उत्तम आहेत. असा मुरलेला साग नवा मिळणे कठीण. तेव्हा चौकट तीच ठेवली, आणि फळ्यांतून नवे, आटोपशीर, एका पाखाचे दार करून घेतले. व्यापारी निराश होऊन गेला. सासूबाईंच्या हाताचे हळदीकुंकू ज्या उंबरठ्याला लागले, तो उंबरठा शहरात आला.

सुतारमामांकडून जे शिकले तेही येथे लिहिते. सागाच्या गाभ्याचे तपकिरी लाकूड घ्यावे. सालीजवळचे पांढरट लाकूड वाळवी आणि कीड आधी धरते. ओले लाकूड घेऊ नये; नगरच्या उन्हाळ्यात ते पिळते, मग कडी बसत नाही. लाकूड लांबीत फारसे कमी-जास्त होत नाही, रुंदीत होते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते. म्हणून एकसंध रुंद फळीपेक्षा चौकोनात सैल बसविलेल्या तुकड्यांचे दार टिकते, त्याला हलावयाला जागा असते. जुने लाकूड घेतल्यास आतले खिळे आधी काढून घ्यावेत, नाहीतर करवतीचे दात जातात. वर छज्जा असावा. वर्षातून एकदा जवसाचे तेल द्यावे. ते काम आपल्यालाही जमते.

आणि दोन गोष्टी सुतारमामांनी सांगितल्या नाहीत, त्या मी त्यांना सांगितल्या. बाहेर कोण आहे हे पाहावयाचे भिंग त्यांनी पुरुषाच्या डोळ्यांच्या उंचीवर खुणेने धरले होते. मी म्हटले, मामा, दिवसभर घरी मी असते; ते माझ्या डोळ्यांशी आणा. त्यांनी खूण चार बोटे खाली आणली. दुसरे म्हणजे कडी. वरची एकच कडी ठेवली तर सासूबाईंचा हात पोचत नाही. त्यांना हाताने उघडता आले नाही, तर त्या आपल्याच घरात कोंडल्यासारख्या होतील. म्हणून खाली दुसरी, हलकी कडी बसविली. पुढे जाळीचे दार आहे. दुपारी आतले लाकडी उघडे आणि जाळी लावलेली असते. जुन्या वाड्याची दिंडी म्हणावी ती हीच. समोरच्या काकूंना मी दिसते, मला त्या दिसतात.

लाकूड कोणतेही निवडा, भगिनींनो, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. लोखंडी घेतले तरी हरकत नाही. दिवस तसे आहेत. मात्र सुतार माप घ्यावयाला येईल तेव्हा घरातल्या बायकांनी तेथे उभे राहावे, आणि उंबरठ्यावरच उभे राहावे. आपले हे मंडळ दुपारच्या वेळी एकमेकींची दारे वाजवूनच जमले आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ज्यांची घरे पुरी होतील, त्यांच्या नव्या दारातून आम्हां सर्वांना हळदीकुंकवाला बोलवावे, ही विनंती.